बियाण्याची कोठी

हैदराबादेत ज्या वस्तीत आमचे वास्तव्य आहे, तिला कोठी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने मुसी नदीच्या उत्तर तीरावर जो भव्य खांबांचा प्रासाद उभारला, त्या कोठीवरून हे नाव पडले. पुढे रेसिडेंट गेले, निजाम गेले, प्रासादात मुलींचे महाविद्यालय आले, नाव मात्र राहिले. परंतु मराठी माणसाच्या कानास कोठी म्हणजे धान्याची जागा. कुणब्याच्या घरात खाण्याचे धान्य निराळे आणि पेरण्याचे निराळे. दुष्काळात पहिले सरले तरी दुसऱ्यास हात लावावयाचा नाही, असा दंडक असे; पोरे अर्धपोटी निजली तरी बियाणे राखले जाई. या दंडकाची नीती-अनीती कोणी तपासली नाही. तपासण्याचे कारणही नव्हते, कारण कोठीत कोंडल्याचे दुःख ज्वारीच्या दाण्यास होत नाही.

बियाण्यास पंख असते तर काय झाले असते? हा प्रश्न विक्षिप्त वाटेल. परंतु आमच्या घरापासून नयापूल ओलांडून, चारमिनारास वळसा घालून बहादुरपुऱ्याकडे गेले की, मीर आलम तलावाच्या काठी तो प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पाहावयास मिळत नाही असेच म्हणणे अधिक बरोबर, कारण नेहरू प्राणिसंग्रहालयातील गिधाडांच्या प्रजननाची जागा प्रेक्षकांसाठी नाही. तेथे पांढऱ्या पाठीची गिधाडे बियाण्यासारखी राखून ठेवलेली आहेत.

गिधाड म्हटल्याबरोबर नाक मुरडणाऱ्या वाचकांस प्रथम थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे. मनुष्याच्या हावरटपणास आपण या पक्ष्याचे नाव दिले, आणि विजय तेंडुलकरांनी 1970 साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकास ते शीर्षक म्हणून घेतल्यावर तर ते अधिकच घट्ट चिकटले. वस्तुतः गिधाड मेलेल्याचेच खाते. ज्यास आपण हिंस्र म्हणतो त्या गुणाचा त्याच्या ठायी जवळजवळ अभावच आहे. अशी गिधाडे एके काळी या देशाच्या आकाशात लाखांनी घिरट्या घालीत. 1990 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांस झाडांवर माना टाकून बसलेली व झाडांखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा 99 हून अधिक नाहीशी झाली. 2004 साली कारण सापडले: डायक्लोफेनॅक. गुरांच्या दुखण्यावर हे औषध टोचीत. जनावर मेले की मांसाबरोबर ते गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे बंद पडत.

या संहारात कोणाचा द्वेष नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लंगडणाऱ्या बैलाची दया येऊन धन्याने सुई टोचविली, एवढेच. 2006 साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यांकडे वळू लागल्या म्हणून 2015 साली कुपी तीन मिलीलिटरपुरती मर्यादित झाली. केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरील बंदीस 2023 साल उजाडावे लागले. दयेच्या एका कृत्याचे परिणाम निस्तरण्यास कायद्यास किती वर्षे लागतात, याचा हा नमुना होय.

दरम्यान बियाणे राखण्याचा विचार पुढे आला. हरियाणातील पिंजोर येथे 2001 साली निघालेल्या शुश्रूषाकेंद्राचे 2004 मध्ये प्रजननकेंद्र झाले व त्यास जटायूचे नाव मिळाले. आसाम, बंगाल व भोपाळ येथेही केंद्रे निघाली, आणि काही प्राणिसंग्रहालयांनी, आमच्या हैदराबादेच्या धरून, हे काम अंगावर घेतले. तेलंगणाच्या मोकळ्या रानात म्हणाल तर प्राणहितेच्या परिसरात, गडचिरोलीच्या सीमेलगत, बेज्जूरच्या अरण्यातील पालरापूच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती 2013 साली आढळली. आमच्या कोकणवासी वाचकांस श्रीवर्धनकडच्या नारळांवरील गिधाडांची घरटी ठाऊक असतील. अशा तुरळक ठिकाणांवर एखाद्या जातीचे भवितव्य सोपवून निर्धास्त राहता येत नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव प्राणिशास्त्राची पदवी घेऊन अशाच एका दूरच्या केंद्रात सहा महिने काम करून आले. त्यास आज इंटर्न म्हणतात. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यासाठी 'उमेदवार' हा शब्द योजिला होता. आम्हीही वकिलीच्या आरंभी एका ज्येष्ठांच्या हाताखाली उमेदवारी केली आहे, आणि या शब्दात उमेद आहे म्हणून तो आम्हांस अधिक आवडतो. इसामिया बाजारातील मराठी साहित्य परिषदेच्या एका कार्यक्रमाहून परतताना आम्ही त्या मुलास सहज विचारले, "पक्ष्यांना तुझा लळा लागला असेल?" तो म्हणाला, "काका, लळा लागू न देणे हेच माझे काम होते."

त्याने जे वर्णन केले ते ऐकून आम्हांस या कामाविषयी जी कल्पना होती ती पार बदलली. पक्षीगृह विस्तीर्ण असते. आत पाऊल टाकणे शक्य तितके टाळावयाचे. अन्नासाठी आणलेल्या बकऱ्या आधी काही दिवस बांधून ठेवावयाच्या, की त्यांच्या अंगात एखादे औषध असलेच तर ते निघून जावे. मग सोललेली धडे आत ठेवून मागे फिरावयाचे. पुढचे सारे पडद्यावर. कॅमेऱ्यातून दिसेल ते पाहावयाचे आणि वहीत उतरावयाचे: कोणत्या क्रमांकाच्या कड्याचा पक्षी धडावर आला, कोण काठीवरच बसून राहिला, कोणाचे पंख लोंबताहेत. माना टाकणे हे दुखण्याचे पहिले लक्षण, त्यामुळे मान किती वेळ खाली होती याचीही नोंद. थंडीत घरटी बांधली जातात. मादी वर्षास एकच अंडे घालते, नर-मादी पाळीपाळीने सुमारे दोन महिने ते उबवितात. वर्षातून एकदा तपासणीसाठी पक्षी पकडतात. त्या दिवशी एका गिधाडाच्या डोक्यावर फडके टाकून त्याने त्यास कवेत धरले होते. सहा महिन्यांतील त्याचा तोच एक स्पर्श.

परंतु त्याच्या मनास लागून राहिलेली गोष्ट निराळी होती. वर्षास एक अंडे, ही गती फारच मंद. म्हणून काही जोड्यांचे पहिले अंडे काढून यंत्रात उबवितात. अंडे गेले की ती जोडी कधी कधी दुसरे घालते, आणि एका वर्षात एकाऐवजी दोन पिले मिळतात. हिशेब उत्तम आहे. यंत्रातील अंड्याची सेवा हे या मुलाचे काम. ते ठराविक वेळी फिरवावयाचे, दिव्यापुढे धरून आतील रक्तवाहिन्यांचे जाळे पाहावयाचे, रोज वजन करावयाचे. अंड्यातील पाणी कवचातून हळूहळू उडून त्याचे वजन घटते, आणि ते नेमक्या प्रमाणात घटले नाही तर पिलू कवच फोडण्यापूर्वीच दगावते. हे सारे तो मन लावून करी. पण त्याच खोलीत तो पडदाही होता, आणि पडद्यावर ती जोडी दिसे. अंडे गेल्यावर पहिले काही दिवस ती घरट्यावर येऊन उभी राही, काड्या उचलून पुन्हा ठेवी. "मी वहीत लिहीत होतो, 'घरट्यावर उपस्थिती, चाळीस मिनिटे,'" तो म्हणाला. "आणखी काय लिहिणार?"

येथून आमच्या प्रश्नास खरा आरंभ होतो. त्या जोडीने कोणाचे काय केले होते?

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे आमचे मन प्रथम कलमांकडे धावते. 1860 च्या दंडसंहितेचे 92 वे कलम, म्हणजे 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे 30 वे, असे सांगते की, ज्याची संमती घेणे अशक्य आहे त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा होत नाही. तेथील एक उदाहरण विद्यार्थिदशेपासून आमच्या ध्यानात आहे. वाघाने एकास उचलून नेले आहे. दुसरा गोळी झाडतो, ती माणसासही लागण्याचा संभव आहे हे जाणून, पण त्यास वाचविण्याच्या हेतूने. गोळी माणसास लागून तो मेला तरी गुन्हा नाही. पक्षी संमती देऊ शकत नाही, तेव्हा हे कलम येथे लागू करावे असा मोह होतो. परंतु वाघाच्या तोंडातील मनुष्य आणि ज्याच्या हितासाठी गोळी झाडली तो मनुष्य एकच आहे. ज्या गिधाडाचे अंडे उचलले त्याचे हित यात कोठे आहे? हित आहे ते अद्याप न जन्मलेल्या गिधाडांचे. एकास कोंडून दुसऱ्याचे हित साधणे या कलमात बसत नाही.

मग शेजारचे 81 वे कलम, नव्या संहितेतील 19 वे, पाहावे. तेथे एका आगबोटीचा कप्तान आहे. समोर वीस-तीस उतारूंची होडी आहे, आणि ती वाचविण्यासाठी दिशा बदलली तर दोघे बसलेली दुसरी होडी बुडण्याची भीती आहे. मोठी हानी टाळण्यासाठी त्याने लहान हानीचा धोका पत्करला तर तो गुन्हेगार नाही. आमच्या प्रश्नास हे जवळचे. एक जोडपे एका बाजूस आणि सबंध जात दुसऱ्या बाजूस, असा तोल मांडता येईल. परंतु त्या उदाहरणात एक लहानसा शब्दप्रयोग आहे, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. कप्तान त्या प्रसंगात सापडला तो स्वतःच्या कोणत्याही दोषावाचून वा निष्काळजीपणावाचून. आमचा, म्हणजे मनुष्यजातीचा, कप्तान असा निर्दोष नाही. होडीस भोक पाडणारे आम्हीच.

अमेरिकेत 1905 च्या नोव्हेंबरात डुलुथ बंदरात वादळ उठले, तेव्हा एका जहाजाच्या लोकांनी ते धक्क्यास बांधून ठेवले. दोर तुटू लागले की नवे बांधीत. जहाज वाचले, पण आपटून आपटून धक्का मोडला. धक्क्याचे मालक न्यायालयात गेले. 1910 साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जहाज बांधून ठेवण्यात गैर काही नव्हते, सुज्ञ माणसाने तेच केले असते. तथापि धक्क्याची भरपाई मात्र द्यावी लागेल. कायद्याच्या विद्यार्थ्यांस हा निकाल नेहमी गोंधळात टाकतो. चूक नाही तर भरपाई कशाची? आम्हांस तो त्या न्यायालयाचा फार मोठा शहाणपणा वाटत आला आहे. योग्य कृत्य केल्यानेही माणूस ऋणी होतो. कृत्याचे समर्थन झाले म्हणजे ऋण फिटले, असे नव्हे.

पक्षी कोंडण्याच्या बाबतीत आमचे मत या निकालाच्या अंगाने जाते. तथापि कोंडूच नये असे म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नाही, आणि ती एकदा खुद्द न्यायालयात लढली गेली आहे. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे गिधाडासारखेच मृतभक्षक, प्रचंड पंखांचे पक्षी. 1980 च्या दशकात ते बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा सरकारने रानातील सारे काँडोर पकडण्याचे ठरविले. ऑडबन सोसायटी या पक्षिमित्रांच्या जुन्या संस्थेनेच त्याविरुद्ध दावा लावला. एकही काँडोर आकाशात उरला नाही तर त्याचे रान राखण्याचा आग्रह कोण धरील, ही तिची भीती होती. काही निसर्गप्रेमी तर याहून पुढे जाऊन म्हणत, या पक्ष्यांस सन्मानाने मरू द्या. खालच्या न्यायालयाची मनाई 1986 मध्ये अपील न्यायालयाने उठविली, आणि 19 एप्रिल 1987 रोजी रानातील शेवटचा काँडोर जाळ्यात सापडला. जगात तेव्हा एकूण 27 उरले होते, आणि सारे बंदिवासात. आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे व त्यांतील बरेच मोकळे उडतात.

यशाने वाद मिटला असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. सन्मानाने मरू द्या हे वाक्य उदात्त आहे, परंतु ते उच्चारण्याचा अधिकार विष घालणाऱ्यास नसतो. उलटपक्षी, जात वाचली ना, मग एकेकट्या पक्ष्याचे काय घेऊन बसलात, असे म्हणणाऱ्यांचेही आम्हांस भय वाटते. जात म्हणजे काय? जात उडत नाही, जातीस भूक लागत नाही, रिकाम्या घरट्यावर जात येऊन उभी राहत नाही. जे काही सोसावयाचे ते कड्यावर क्रमांक असलेला एकेक पक्षी सोसतो.

आमच्या न्यायालयांतही हे दोन स्वर उमटले आहेत. एका पक्षीविक्रेत्याच्या प्रकरणात मे 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, आकाशात उडणे हा पक्ष्यांचा हक्क असून त्यांस पिंजऱ्यात ठेवण्याचा हक्क कोणासही नाही. त्याआधी एप्रिल 2013 मध्ये गीरच्या सिंहांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मनुष्याचे हित बाजूस ठेवून जातीच्या सर्वोत्तम हिताची कसोटी पुढे केली होती. पहिल्या निकालाने चारमिनारजवळच्या महबूब चौकातील पिंजरे दोषी ठरतात, आणि ते योग्यच आहे. त्याच बाजारांतून पुण्य लागावे म्हणून पक्षी विकत घेऊन सोडून देणारे लोकही आम्ही पाहतो. त्यांच्या प्रत्येक पुण्यकृत्यासाठी पारध्यास आणखी पक्षी धरून आणावे लागतात, हा विचार त्यांस शिवत नाही. परंतु शब्दशः घेतला तर तोच निकाल मीर आलमच्या काठच्या पक्षीगृहासही दोषी ठरवील. दुसरी कसोटी त्या पक्षीगृहाचे समर्थन करील, पण आतल्या पक्ष्याविषयी मौन पाळील. दोन्ही निकाल खरे मानून जगणे भाग आहे, आणि ते प्रत्यक्ष जगतो कोण, तर बादली आणि वही घेऊन उभा असलेला उमेदवार.

म्हणून त्याच्या कामाकडे आम्ही भरपाई या दृष्टीने पाहतो. येथे पुष्कळांस निष्काम कर्मयोग आठवेल. आम्हांसही आठवला, पण तो चपखल बसत नाही. अंड्याचे वजन गुंजभर चुकले तर ज्याचा जीव खालीवर होतो, तो फलाविषयी उदासीन कसा? त्याने सोडावयाचे असते ते फल नव्हे, तर ओळख. कोनराड लोरेंझ यांनी 1935 साली दाखविले की, काही पक्ष्यांची पिले जन्मल्यावर जे हलते-बोलते प्रथम पाहतात त्यासच आपले मानतात. माणसास आपले मानून बसलेले पिलू पुढे आपल्या जातीत जोडीदार शोधीत नाही आणि माणसांपासून दूर पळतही नाही. म्हणजे मायेने वाढविलेले ते बियाणे उगवणारच नाही. यासाठी काँडोरच्या पिलांस भरविणारे लोक आडोशामागे राहून हातात काँडोरच्या डोक्याची बाहुली घालतात. आईचे सगळे करावयाचे आणि आई म्हणून दिसावयाचे नाही. आमच्या समाजात प्रेमाची पावती मागण्याची जी सवय आहे, पुत्राकडून, शिष्याकडून, उपकृताकडून, तिच्या तुलनेत ही माया आम्हांस फार कठीण जातीची वाटते.

पण एका विद्यावेतनावरील तरुणाने पहाटे उठून वजने घेतली म्हणजे सबंध मनुष्यजातीचे देणे फिटते काय? मुळीच नाही, आणि त्याच्या शिरावर ते टाकून आपण मोकळे होऊ पाहतो ही आमची खरी तक्रार आहे. गिधाडे गेल्याचा तोटा मोजणारे आता पुढे आले आहेत. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, 2000 ते 2005 या काळात गिधाडांच्या अभावी सडणारी प्रेते व पसरणारे रोग यांमुळे या देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. आकडा भयंकर आहे, आणि त्याने सरकारे जागी होत असतील तर होवोत. परंतु या हिशेबात देणेकरी आपण आणि घेणेकरीही आपणच. ज्याची मूत्रपिंडे बंद पडली त्याचे नाव खात्यावर कोठेच नाही.

ते खात्यावर यावयाचे तर काय करावे, याविषयी आमचे काही म्हणणे आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या 20 व्या कलमानुसार पालकाने आपल्या पदातून नफा काढता कामा नये. ही केंद्रे प्रेक्षकांस बंद असतात ती पक्ष्यांच्या शांततेसाठी. आम्हांस त्यात या कलमाचाही अर्थ दिसतो. त्याचबरोबर, जो पक्षी अंडी देण्याच्या वयापलीकडे गेला त्याचा खर्च अनावश्यक म्हणून छाटला जाऊ नये. गिधाड बंदिवासात कित्येक दशके जगते. योजनेचा कालावधी मात्र पाच-दहा वर्षांचा असतो. प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात म्हाताऱ्या पक्ष्यांच्या अखेरपर्यंतच्या पोषणाची तरतूद आरंभीच बांधून घातली पाहिजे, जशी कैद्याच्या नव्हे, पेन्शनराच्या बाबतीत असते तशी. ज्या जोडीचे अंडे एका वर्षी उचलले तिला पुढच्या वर्षी आपले पिलू स्वतः वाढवू द्यावे, संख्या थोडी कमी भरली तरी चालेल. आणि जे पक्षी रानातून धरून आणले, त्यांतील उडण्याजोग्या पक्ष्यांस सोडण्याचा विचार संततीच्या मागून नव्हे, बरोबरीने व्हावा.

हे अशक्य नाही. 1987 साली धरलेला तो शेवटचा काँडोर पंधरा वर्षे बंदिवासात राहिला, आणि 2002 मध्ये त्यास पुन्हा कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत सोडण्यात आले. आपल्याकडे पिंजोरहून 2020 साली आठ पांढऱ्या पाठीची गिधाडे बाहेर सोडली गेली. 2024 च्या आरंभी तेथूनच वीस गिधाडे महाराष्ट्रात आली, पांढऱ्या पाठीची दहा ताडोबास आणि लांब चोचीची दहा पेंचास. काही महिने तेथील पक्षीगृहात ठेवून, पाठीवर पत्ता सांगणारी यंत्रे बांधून त्यांस मोकळे केले. त्यांतील काही पुढे मेली. त्या बातम्या वाचून पुष्कळांनी हळहळून विचारले की, पिंजऱ्यात सुखाने होती, कशाला सोडली? आमच्या स्नेह्यांच्या त्या मुलासही त्याच्या आईने हेच विचारले. तो भिंतीवरच्या नकाशाजवळ उभा राहून एका पक्ष्याने ताडोबापासून दक्षिणेस किती मजल मारली ते बोटाने दाखवीत होता. त्याने उत्तर दिले नाही, बोट मात्र नकाशावर आणखी खाली सरकविले.